डेक्लनकाका घरी जातात

शनिवारी दुपारी आमच्या स्वयंपाकघरात दोन माणसं एका तिसऱ्या माणसावरून भांडत असत, आणि तो तिसरा माणूस आमच्यापैकी कोणीही प्रत्यक्ष पाहिलेला नव्हता. तो आयर्लंडचा माजी पंतप्रधान होता. भांडणाऱ्यांपैकी एक माझे बाबा, मूळचे नागपूरचे, पाइपिंग इंजिनिअर. दुसरे डेक्लनकाका, आयर्लंडच्या मधल्या भागातल्या एका लहान गावचे, बाबांच्याच कारखान्यात उपकरणांची देखभाल बघणारे. त्या नेत्याचं नाव मी इथे लिहीत नाही. त्याच्यावर भरपूर लिहून झालेलं आहे आणि हे प्रकरण त्याच्याबद्दल नाही. आमच्या घरात त्याला नुसतं ‘तुझा माणूस’ म्हणत. डेक्लनकाका बाबांना म्हणायचे, ‘तुझा माणूस चोर होता.’ बाबा म्हणायचे, ‘माझा कसा? तुझ्या देशाचा आहे तो.’

आम्ही टेक्ससमधल्या शुगर लँडमध्ये राहायचो, सात घरांच्या एका बंद गल्लीत. डेक्लनकाका आणि नोराकाकू दोन घरं सोडून. कारखाना ह्यूस्टनच्या पलीकडे, खाडीच्या बाजूला होता. जायला सव्वा तास, यायला ट्रॅफिक असेल तसा. म्हणून दोघं एका गाडीने जात. एक आठवडा बाबांची गाडी, एक आठवडा काकांची. वाद तिथेच सुरू झाला होता, हायवेवर, आणि पाच दिवसांत जो संपत नसे तो शनिवारी आमच्याकडे जेवायला येई. आम्हा मुलांना मोठ्या माणसाला नुसत्या नावाने हाक मारायची परवानगी नव्हती, त्यामुळे ते दोघं काका-काकू झाले. काकांना ते एखादं पद वाटे. आपल्याला टेक्ससमध्ये एकच बढती मिळाली आणि ती या घराने दिली, असं ते कारखान्यात सांगत.

त्या घराचा आवाज मला अजून आठवतो, आणि तो मुख्यतः एसीचा आहे. बाहेरच्या भिंतीला लागून असलेलं ते यंत्र मे ते ऑक्टोबर थांबत नसे. थांबलं तर सगळे मान वर करून बघत. त्या घरघरीवर आईचा मिक्सर, त्यावर दोघांचे आवाज. शनिवारी आई सांबारवडी करी, म्हणजे नागपूरकडची कोथिंबिरीची वडी. खरं तर आई साताऱ्याची. पण लग्नानंतर सासूकडून ती शिकली होती, आणि मेक्सिकन दुकानात कोथिंबिरीच्या जुड्या इतक्या स्वस्त मिळत की न करणं तिला वाया घालवल्यासारखं वाटे. डेक्लनकाका ती हिरव्या मिरचीच्या ठेच्याबरोबर खात, डोळ्यांतून पाणी काढत, आणि म्हणत की बोलताना रडू आलं तर ते मिरचीचं समजावं. नोराकाकू सोड्याचा जाड पाव भाजून आणत. त्याच्यावर आईचं लिंबाचं लोणचं लावून आम्ही खायचो. दोन्ही घरांत हा प्रकार पूर्वी कोणी केला नव्हता आणि दोन्ही घरांना तो आपलाच वाटे.

बोलणं सगळं इंग्रजीत चाले. मी इथे मराठीत लिहिते आहे. दोघांच्या बाजू ठरलेल्या होत्या. बाबांचं म्हणणं असं की देश डबघाईला आला होता, तरुण मुलं जहाजं आणि विमानं भरभरून निघून जात होती. अशा वेळी त्या माणसाने सरकारी खर्च कापला, कामगार संघटनांना टेबलाशी बसवून पगारवाढीवर समजूत घडवली, कर कमी ठेवले, जुन्या गोदीच्या जागी बँकांना आणलं. दहा वर्षांत तोच देश युरोपात सगळ्यात वेगाने वाढणारा झाला. ‘नुसता विचार कर,’ बाबा मला सांगत, ‘आपल्याकडे एक असा निघाला असता तर मी इथे असतो का?’ त्यावर डेक्लनकाका काटा खाली ठेवत. टीव्हीवर येऊन त्याने आम्हाला सांगितलं की तुम्ही ऐपतीबाहेर जगताय, कंबर आवळा. आणि स्वतः मोठ्या बंगल्यात उद्योजकांच्या पैशावर जगत होता. हे आम्ही म्हणत नाही, पुढे चौकशीत निघालंय.

‘खाल्ले असतील,’ बाबा म्हणत. ‘पण देश उभा केला का नाही?’

‘कोणी उभा केला? अमेरिकन कंपन्यांनी. युरोपच्या पैशाने. आणि आम्ही इथून आयांना पाठवलेल्या चेकांनी.’

‘मग तुझ्या आईने तो चेक काय सोन्यात घातला? देशातच खर्च केला ना!’

इथे बाबा नेहमी चुकत. आईचा विषय काढला की नोराकाकू टेबलावरच्या वाट्या गोळा करायला लागत. त्या कपातीच्या काळात हॉस्पिटलातल्या खाटा कमी केल्या होत्या. काकांची आई तीन रात्री व्हरांड्यात, चाकांच्या स्ट्रेचरवर होती, आणि तिथेच गेली. काका तेव्हा टेक्ससमध्ये येऊन आठ महिने झाले होते. ते पोचले तेव्हा शवपेटी बंद झालेली होती. हे त्यांनी मला एकदाच सांगितलं, गॅरेजमध्ये, लॉन मोवरचं पातं साफ करताना, आणि वर म्हणाले, ‘आता पाहा, तुझे बाबा सांगतील की ती आकड्यांत बसत नाही.’

एकदा ते गेल्यावर मी आईला म्हटलं की हे दोघं दर आठवड्याला तेच कसं बोलू शकतात, डोकं उठतं. आई भांडी डिशवॉशरला न लावता हातानेच घासत होती. तिचा त्या यंत्रावर शेवटपर्यंत विश्वास बसला नाही. ती म्हणाली, ‘ते राजकारणावर बोलत नाहीत गं. डेक्लनभाऊंनी घरी जायचं का नाही, त्यावर बोलतायत.’

मी तेव्हा सोळा वर्षांची होते आणि मला ते आईचं नेहमीचं भाबडेपण वाटलं. आता वाटतं, त्या टेबलाशी बातमी एकट्या तिला कळली होती. काकांचं सगळं एका गोष्टीवर उभं होतं. तो माणूस चोर आणि त्याने उभा केलेला देश म्हणजे देखावा, असं असेल तर आपलं निघून येणं बरोबर होतं, आणि इथेच मरणंही बरोबर. पण बाबांचं खरं असेल तर परत जायला जागा होती. काकांनी अठरा वर्षं ग्रीन कार्डावर काढली होती, नागरिकत्व घेतलं नव्हतं. विचारलं तर म्हणत, त्या शपथेसाठी चांगला कोट लागतो, माझ्याकडे नाही. बाबांनाही हरायचं नव्हतं, कारण ते दर दिवाळीला आणखी दोन वर्षांनी नागपूरला परतणार होते. काका विचारत, ‘तू का नाही जात मग?’ बाबा म्हणत, ‘ग्रीन कार्ड झालं की.’ ग्रीन कार्ड झाल्यावर परत जायचं, यातला विनोद फक्त नोराकाकूंना कळे, आणि त्या हसत.

त्या उन्हाळ्यात तो नेता वारला. सरकारी इतमामाने अंत्यविधी झाला. काकांनी ते कॉम्प्युटरवर बघितलं, हे नोराकाकूंनी आईला सांगितलं; काका स्वतः त्याबद्दल बोलले नाहीत. शनिवारी ते आले, बसले, वाढलेलं खायला लागले. बाबांना राहवलं नाही. ‘शेवटी देशाने मान दिलाच ना?’ ते म्हणाले.

काकांनी ताटलीतली वडी अर्धी करून बाजूला ठेवली. ‘विजय,’ ते म्हणाले, ‘मला आज जिंकायचं नाही. मला एकदा कोणीतरी नीट सांगा. तू नको. तुझं ऐकून ऐकून कान किटलेत.’ मग माझ्याकडे बोट केलं. ‘ही काउन्सेलर सांगेल.’ मी वादविवाद करते म्हणून ते मला वकिलासारखी हाक मारत. ‘तू या वर्षी हाच विषय घे. दोन्ही बाजूंचं वाच. मग मला सांग.’

आमच्या शाळेतला वादविवाद समोरासमोर एकटीने करायचा असे. विषय आधी मिळायचा, बाजू मिळायची नाही. फेरी सुरू होण्याआधी दहा मिनिटं नाणं उडवत, आणि मग कळे की आज आपलं मत काय आहे. म्हणून प्रत्येकाकडे दोन फाइली असत. माझ्या एक हिरवी, एक लाल. हिरवीत बाजूने, लालमध्ये विरुद्ध. कागद कापून, एकेक पुरावा एकेका पानावर चिकटवून, वर एका ओळीत त्याचं तात्पर्य लिहायचं, आणि मोठ्याने वाचायचं तेवढंच अधोरेखित करायचं. आमच्या शिक्षिकेचे दोन नियम होते. फेरीत असताना दुसरी फाइल बॅगेतून बाहेर काढायची नाही. आणि स्पर्धा संपेपर्यंत, कोणीही विचारलं, अगदी आईवडिलांनी, तरी आपण जिंकलेल्या बाजूच्या विरुद्ध बोलायचं नाही. बोललं की जीभ सैल होते, असं त्यांचं मत. वीस वर्षं त्या जिंकणाऱ्या मुली तयार करत होत्या. नियम चुकीचा असेल असं मला वाटलं नाही.

त्या वर्षीचा विषय असा होता की नेत्याच्या आर्थिक कामगिरीचं मोल ठरवताना त्याची खाजगी अप्रामाणिकता विचारात घेऊ नये. मी आयर्लंड घेतलं. बाबा ऑफिसच्या प्रिंटरवर कागद छापून आणत. दोन महिन्यांत दोन्ही फाइली सारख्याच फुगल्या. लाल फाइलमध्ये मागचा भाग आजच्या आयर्लंडवर होता, अकरा पानं. त्यांत लिहिलेलं असं की सुरुवातीची वाढ कारखान्यांची आणि शिकलेल्या मुलांची होती, पण अलीकडची घरं बांधण्यावर आणि त्यासाठी काढलेल्या कर्जांवर उभी आहे. घरांच्या किमती पगारांशी तुटल्या आहेत. त्या उतरतील आणि उतरताना बँकांना, बांधकामाला, सगळ्यांना खाली ओढतील, असं म्हणणारे अर्थतज्ज्ञ थोडे होते, पण होते. मी ते नीट वाचलं होतं. वरच्या ओळी माझ्या अक्षरात होत्या. मला ते पटलंही होतं. पटणं हा त्या कामाचा भाग नव्हता, म्हणून त्याची नोंद मी कुठे केली नाही.

जिल्हा पातळीची अंतिम फेरी आमच्या शाळेच्या कॅफेटेरियात झाली. टेबलं भिंतीला लावून खुर्च्या मांडलेल्या, दुपारच्या पिझ्झाचा वास तसाच. बाबा, आई, डेक्लनकाका, नोराकाकू तिसऱ्या रांगेत. काका कारखान्याच्या पिकनिकला घालायचे तो पट्ट्यांचा शर्ट इस्त्री करून आले होते. नाणं पडलं आणि मला हिरवी बाजू आली. समोरचा मुलगा चांगला होता. तो हॉस्पिटलांवर येणार हे मला दिसत होतं, म्हणून त्याच्या आधी मीच तो विषय काढला. मी काकांच्या आईची गोष्ट सांगितली. नाव घेतलं नाही, पण तीन रात्री सांगितल्या, व्हरांडा सांगितला, बंद झालेली पेटी सांगितली. आणि मग त्या दिवशी सकाळी गाडीत सुचलेलं वाक्य म्हटलं. ही किंमत होती, आणि ती मोजली गेली. प्रश्न आता एवढाच आहे की त्या किमतीत जे घर बांधलं गेलं ते कोणाचं. ज्यांनी किंमत मोजली, ज्यांना निघून जावं लागलं, त्यांचा त्यावर पहिला हक्क आहे, आणि त्या नेत्याबद्दलच्या रागापायी त्यांनी तो सोडू नये.

विषयाशी याचा फारसा संबंध नव्हता. एखाद्या कडक परीक्षकाने ते खोडून काढलं असतं. तिघांपैकी दोघांनी मला मत दिलं. मी खाली बसताना तिसऱ्या रांगेकडे बघितलं; डेक्लनकाका जमिनीकडे बघत होते आणि नोराकाकूंनी त्यांच्या मनगटाला धरलं होतं. मला वाटलं, मी त्यांची आई वापरली म्हणून ते चिडले. मी घाबरले. मला तेव्हा तेवढीच भीती सुचली.

बाहेर पार्किंगमध्ये ते माझ्यापाशी आले. ऑक्टोबर असूनही हवा ओली, शर्ट पाठीला चिकटवणारी. बाबा दहा पावलं मागे माझ्या शिक्षिकेशी बोलत होते, आणि त्यांचा आवाज आनंदाने वाढलेला होता. मी म्हटलं, ‘काका, सॉरी. तुमच्या आईचं मी विचारायला हवं होतं.’

‘नाही,’ ते म्हणाले. ‘ती पहिल्यांदा कुठेतरी उपयोगी पडली.’ मग बराच वेळ गाडीची किल्ली बोटावर फिरवत राहिले. ‘काउन्सेलर, मला एक सांग. तुझी दुसरी फाइल. तिच्यात काय होतं?’

‘तुम्हाला माहीत आहे तेच. टीव्हीवरचं भाषण. उद्योजकांचे पैसे. हॉस्पिटलं.’

‘ते जुनं झालं. आताचं काही? आता तिथे कसं आहे, त्याबद्दल?’

पुढची, राज्य पातळीची फेरी तीन आठवड्यांवर होती. शिक्षिका दहा पावलांवर होत्या. बाबा हसत होते. ही कारणं मी आज लिहिते आहे. त्या क्षणी यांतलं एकही डोक्यात आलं नाही. तोंडातून सवयीने जे यायचं ते आलं.

‘विशेष काही नाही,’ मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली. माणूस डॉक्टरकडून रिपोर्ट ऐकून हलवतो तशी.

पुढे मी बरीच वर्षं बातम्या लिहिल्या आणि दुसऱ्यांच्या तपासल्या. खोट्या बातम्या क्वचित हाती लागल्या. बहुतेक वेळा लिहिलेलं सगळं खरंच असे, आणि कोणीतरी शेवटचे दोन परिच्छेद जागेसाठी कापलेले असत. असं काही टेबलावर आलं की मी ते परत पाठवत असे, आणि नव्या मुलांना माझा जाच वाटे. मी त्यांना कारण सांगितलं नाही.

नाताळच्या आत काकांच्या दारासमोर विक्रीची पाटी लागली. बाबांना जिंकल्याचा आनंद लपवता येत नव्हता. ते काकांना बॉक्स आणून देत, टेप लावून देत. गॅरेजमधला सगळा पसारा ड्राइव्हवेवर मांडून विकला. आईने एकदाच विचारलं, रात्रीच्या जेवणाला, सहज, ‘तिकडे घर केवढ्याला पडतंय, विचारलंत का त्यांना?’

‘महाग आहे. वाढतंय म्हणून महाग आहे,’ बाबा म्हणाले. ‘वाढतंय तेव्हाच घ्यायचं असतं.’

‘आणि नाही वाढलं तर?’

‘तू जरा शुभ बोल ना. माणूस अठरा वर्षांनी घरी चाललाय.’

आई माझ्याकडे बघत होती, असं मला वाटतं. खात्रीने सांगता येत नाही. मी भात कालवत होते. त्या वेळी फाइल माझ्या खोलीत पलंगाखाली होती, आणि स्पर्धाही संपली होती. पुढच्या फेरीत मी हरले होते. कोणताच नियम आता लागू नव्हता. अकरा पानं उचलून दोन घरं चालत जायचं होतं. मी गेले नाही, कारण गेले असते तर आधीच का नाही आलीस, हे सांगावं लागलं असतं. सोळा-सतराव्या वर्षी एवढं कारण पुरतं. मोठेपणीही लोकांना तेवढं पुरताना मी पाहिलंय.

ते मार्चमध्ये गेले. विमानतळावर बाबांनी गाडी चालवली. जाण्याआधी काकांनी आपलं ग्रीन कार्ड रीतसर फॉर्म भरून परत करून टाकलं होतं. बाबा म्हणाले, एवढी घाई काय होती, ठेवायचं वर्षभर. काका म्हणाले, ‘दोन दरवाजे उघडे ठेवले की घरात वारा फार येतो.’

सुरुवातीच्या ईमेल लांब होत्या. बाबा त्या जेवताना मोठ्याने वाचत. काकांना एका बांधकाम कंपनीत काम मिळालं होतं, नव्या इमारतींच्या हीटिंगचं आणि वायरिंगचं. गावाबाहेर नव्या वसाहतीत घर घेतलं होतं; ओळीने एकसारखी चाळीस घरं, त्यांतलं नववं. रस्त्यावरचे दिवे अजून लागायचे आहेत. पाऊस सोडला तर सगळं छान. नोराकाकू आईला वेगळं लिहीत. त्यात वडी कशी वळायची, कोथिंबीर मिळत नाही, पार्सली चालेल का, असं असे. मग ईमेल आखूड झाल्या. बांधकाम जरा मंदावलंय. आमच्या पलीकडची घरं बिल्डरने तशीच सोडली, खिडक्या न लावता. दिवे अजून लागले नाहीत. मग एका ओळीची आली की कंपनी बंद झाली. त्यानंतर नोराकाकूंची आईला आली. त्या मँचेस्टरला बहिणीकडे गेल्या होत्या, एका वृद्धाश्रमात काम मिळालं होतं म्हणून. डेक्लन तिथेच आहे, घर कोणी घेत नाही, आणि रिकामं टाकून येताही येत नाही. आईने ती वाचून लॅपटॉप बंद केला आणि बाबांना ती दाखवली नाही. बाबांनी ती नंतर स्वतः उघडून वाचली. हायवेवर ते आता एकटे जात, आणि आई म्हणायची की ते गाडीत रेडिओही लावत नाहीत.

मी तोवर ह्यूस्टनमध्येच कॉलेजला होते, दुसऱ्या वर्षाला. त्या सप्टेंबरात वादळ आलं. होस्टेल रिकामं केलं, मी घरी आले. वादळ एका रात्रीचं. वीज गेली ती अकरा दिवस. एसी थांबलेलं ते घर मी पहिल्यांदा ऐकलं. दूरवर कोणाचा तरी जनरेटर, जवळ डास, आणि बाकी काही नाही. फ्रीजरमधलं सगळं खराब होण्याआधी संपवायचं म्हणून आई मागच्या अंगणात बार्बेक्यूच्या शेगडीवर रोज स्वयंपाक करी. फोन चार्ज करायला आम्ही ड्राइव्हवेवर गाडी सुरू करून बसत असू. दुपारी मी मागच्या सीटवर पाय पसरून होते, बाबा पुढे, एसीची जाळी तोंडाकडे वळवून. फोन वाजला. लांबचा नंबर होता.

बाबांनी ‘डेक्लन!’ म्हटलं आणि नंतर बराच वेळ ऐकत राहिले. मला एकच बाजू ऐकू येत होती. ‘हो, आम्ही ठीक आहोत. छप्पर थोडं गेलं.’ ‘हो.’ ‘कारखाना चालू आहे, तीन दिवस बंद होता.’ मग आवाज खाली गेला. ‘तुझी जागा? ती भरली रे. पण मी विचारतो. विचारतो ना.’ ‘कार्ड तू परत केलंस, डेक्लन. नव्याने स्पॉन्सर करायचं म्हणजे…’ ‘नाही, नाही, मी बोलतो मॅनेजरशी. सोमवारी बोलतो.’ मला मागून बाबांची मान दिसत होती. ते मॅनेजरशी बोलणार नव्हते असं नाही. ते बोलले, सोमवारीच बोलले. पण उत्तर काय येणार हे त्यांना गाडीतच माहीत होतं, आणि पलीकडच्यालाही माहीत होतं, आणि दोघं सोमवारबद्दल बोलत राहिले.

मग बाबा म्हणाले, ‘आहे ना, इथेच आहे, मागे बसलीय,’ आणि फोन माझ्याकडे दिला. ‘तुझी चौकशी करतायत.’

‘काउन्सेलर,’ काका म्हणाले. ‘वादळाने उडाली नाहीस?’

मी नाही म्हटलं. त्यांनी विचारलं की कॉलेज कसं आहे, काय घेतलंस. मी म्हटलं, पत्रकारिता. ते हसले, म्हणाले वकील झाली असतीस तर माझ्या कामाला आली असतीस. मग जरा थांबले. माझ्यापाशी एवढीच जागा होती.

‘काका,’ मी म्हटलं, ‘त्या दिवशी पार्किंगमध्ये तुम्ही विचारलं होतं. दुसऱ्या फाइलमध्ये आताचं काही होतं का. मी नाही म्हटलं. होतं.’

पुढच्या सीटवर बाबा वळले.

‘काय होतं?’ काकांनी विचारलं.

मी सांगितलं. घरांच्या किमती, कर्जं, बांधकाम, आणि हे सगळं उतरेल असं म्हणणारे लोक. दोन वर्षं झाली होती, तरी मला वरच्या ओळी पाठ होत्या. मी त्या फेरीत बोलतात तशा सलग म्हणून टाकल्या. थांबले तेव्हा त्यांच्याकडे कुठेतरी दार वाऱ्याने आपटत होतं.

‘हे आमच्या जायच्या आधीचं?’

‘फायनलच्या आधीचं.’

‘आणि तुला ते खरं वाटलं होतं?’

‘हो.’

इंजिन सुरू होतं. आई शेगडीपाशी कशावर तरी झाकण ठेवत होती.

‘तू बोललीस मात्र फार छान,’ काका म्हणाले. आवाजात राग नव्हता. ‘बाबांकडे दे.’

मी फोन पुढे दिला. बाबांनी तो कानाला लावला आणि तीन वेळा हॅलो म्हटलं.